ओला अंगठा

नाव : ओळखपत्रावर आहे ते. गल्लीत काजवाली आजी म्हणतात. त्या नावाने विचारले तरच घर सापडेल.
वय : ओळखपत्रावर अडुसष्ट. मला विचाराल तर त्र्याहत्तर.
धंदा : शिंप्यांच्या दुकानांसाठी काज-बटण करणे, एकोणचाळीस वर्षे. सध्या घरी बसून मास्कला नाड्या लावणे.
शिक्षण : नाही. घड्याळ वाचता येते.
राहणार : पाण्याच्या टाकीमागची इमारत, तिसरा मजला, जिन्याच्या तोंडाशी पहिले दार.
जखमी बाईशी नाते : सासू.
ज्याच्याविरुद्ध सांगायचे त्याच्याशी नाते : आई.

मी आज शनिवारी सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात माझ्या पायांनी आले. कोणी आणले नाही, कोणी पढवले नाही. दारात ताप मोजला, तो नव्हता. समोरच्या महिला शिपायाने विचारले त्यावरून तोंडी सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी, माझा एकुलता एक मुलगा, त्याची बायको आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी असे चौघे राहतो. खोल्या दोन. एकीत पलंग, शिलाई मशीन आणि टीव्ही. दुसरीत स्वयंपाक, मोरी आणि मी.

मुलगा सिनेमागृहात डोअरकीपर होता. तिकीट फाडायचे, बॅटरी मारून उशिरा आलेल्यांना खुर्ची दाखवायची, हे काम. सकाळी अकराला जायचा आणि शेवटचा खेळ सुटल्यावर यायचा तेव्हा आम्ही झोपलेल्या असू. आम्ही उठून कामाला लागलो की तो झोपलेला. असा सोळा वर्षे संसार चालला आणि बरा चालला असे मी लोकांना सांगत असे. सुट्टी आठवड्यातून एक, मंगळवारची. मंगळवारी काय होत असे ते विचारल्यावरून सांगते की सून बुधवारी लांब बाह्यांचे कपडे घालत असे.

साथ आली, सिनेमागृहाला कुलूप लागले आणि आठवड्याचे सातही दिवस मंगळवार झाले.

टीव्हीवर दिवसातून पन्नास वेळा सांगत होते की घरातच राहा, घरात तुम्ही सुरक्षित आहात. मुलगा ते पलंगावर आडवा पडून ऐकत असे, सून मशीनवर बसून ऐकत असे. आवाज दोघांनाही सारखाच जात होता. पुढे सुनेच्या डाव्या कानाला जाईनासा झाला. त्याचे कारण तिने दवाखान्यात सांगितलेले नाही, कारण तेव्हा दवाखान्यात कान दाखवायला बंदी होती. फक्त ताप दाखवायचा होता.

साथीच्या दुसऱ्या महिन्यापासून आमच्याकडे मास्कचे काम आले. महिलांसाठीच्या सरकारी कार्यालयातल्या एक बाई गाडीतून कापलेले कापड, नाड्या आणि छापील चिठ्ठ्या आणून देत. पाच मास्क, एक चिठ्ठी, एक पाकीट. सून शिवायची, मी नाड्या लावायची, मग सून चिठ्ठी घडी करून आत सरकवायची. ही पाकिटे घरोघर फुकट वाटायची होती. चिठ्ठीवर हात पुढे करून उभ्या असलेल्या बाईचे चित्र होते आणि खाली बरीच अक्षरे. मी सुनेला विचारले, काय लिहिलंय गं. ती म्हणाली, धुवायचं कसं ते लिहिलंय आई. साबणाने धुवा, उन्हात वाळवा. मी म्हटले, चड्डीबनियन धुवायला कोणी एवढा मजकूर छापत नाही. ती म्हणाली, सरकारला सगळं समजावून सांगावं लागतं. मी ऐकून घेतले. अशा चिठ्ठ्या तिने आपल्या हाताने नऊशेच्या वर पाकिटांत घातल्या.

एका दुपारी मुलगा खाली पाणी भरायला गेला असताना नातीने त्यातली एक चिठ्ठी धडा वाचावा तशी मोठ्याने वाचली. चिठ्ठीत होते की घरात मारहाण होते का, गप्प बसू नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, या नंबरवर फोन करा. सुनेने मशीन थांबवले नाही. तिला ऐकू गेले नसेल असे मी तेव्हा धरून चालले. तिचा चांगला कान नातीच्याच बाजूला होता.

घरात फोन एक, मुलाचा. नातीची शाळा दहा ते बारा त्यावर भरते, तेवढा वेळ तो तिच्या हातात असतो. गणिताचे मास्तर हजेरी घेत नाहीत असे ती म्हणाली, म्हणून चिठ्ठीवरच्या नंबरला फोन करायला गणिताचा तास ठरवला. मोरीत रेंज येत नाही, म्हणून नात आणि मी जिन्यात उभ्या राहिलो. आधी एका बाईचा गोड आवाज आला की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. मग वाजंत्री. मग पुन्हा मोलाचा. बुधवारी बावीस मिनिटे आम्ही मोलाच्या होतो. गुरुवारी तीस. शुक्रवारी खऱ्या बाईने फोन उचलला. तिने विचारले की पीडित महिला तुम्हीच का. मी म्हटले, नाही, मी सासू.

ती म्हणाली, "आजी, मग तक्रार तुमच्यावर आहे का?"

मी म्हटले, माझ्यावर कोण करणार, मीच करते आहे, मुलावर. तेव्हा तिने समजावून सांगितले की तिच्यासमोरच्या यंत्रात तक्रार करणाऱ्याचे नाते निवडावे लागते. त्यात स्वतः, आईवडील, भाऊबहीण, शेजारी एवढेच येते. सासू हा शब्द यंत्रात आहे, पण तो आरोपींच्या यादीत. नाते भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. तिने विचारले, तुम्हाला शेजारी टाकू का. मी म्हटले, टाक बाई, भिंत तर एकच आहे.

ती बाई नीट बोलली, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तीही घरूनच काम करत असावी, मागे मूल रडत होते. मी विचारले की सुनेला काही दिवस दुसरीकडे ठेवता येईल का. ती म्हणाली, महिलांसाठी आधारगृह आहे, पण सध्या तिथे आजाऱ्यांना वेगळे ठेवले आहे. दुसऱ्या आधारगृहात जायला आजार नसल्याचा दाखला लागतो. दाखल्याला तपासणी केंद्रावर जावे लागते. केंद्रावर जायला पास लागतो आणि पास कुटुंबप्रमुखाच्या अर्जावर मिळतो. कुटुंबप्रमुख तेव्हा आत दाढी करत होता.

तिने विचारले, परत फोन कोणत्या नंबरवर करू. नात म्हणाली, ह्याच. दुसरा नव्हता. मी सांगितले की करायचा तर दहा ते बाराच्या आतच कर, नाहीतर करू नकोस. ती म्हणाली, लिहून ठेवते. ठेवले असेल.

त्यानंतर सोमवारी संध्याकाळी साडेपाच वाजता एक हवालदार आणि एक महिला शिपाई आमच्या दारात आले. ती महिला शिपाई म्हणजे आज माझा जबाब लिहिते आहे तीच. हे लिहायचे नसते असे ती आत्ता म्हणाली. मी म्हटले, लिही. त्या दिवशी तिचे तोंड झाकलेले होते तरी मी तिला ओळखते, कारण तिच्या तोंडावरचा मास्क आमच्या घरचा होता. माझा टाका मला कळतो.

दोन हात अंतर ठेवायचा नियम असल्यामुळे ते आत आले नाहीत. बाहेरूनच मोठ्याने विचारावे लागले, त्यामुळे सगळ्या मजल्याने ऐकले. हवालदार म्हणाले, तुमच्या घरात मारहाण होते अशी एका शेजाऱ्याची तक्रार आहे. शेजारच्या तिन्ही घरांनी ताबडतोब दारे लावून घेतली. मुलगा त्या दारांकडे बघत म्हणाला की कोणाच्या पोटात दुखतंय ते मला कळू तरी द्या. तेव्हा हवालदारांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि तक्रार आली तो नंबर वाचला. नंबर मुलाचाच निघाला. हवालदार म्हणाले, अहो, हा तर तुमच्याच मोबाईलवरून आलाय. त्यांना त्याची गंमत वाटली.

मग त्यांनी सुनेला विचारले, ताई, काही त्रास आहे का. मुलगा तिच्या मागे उभा होता, हातात टीव्हीचा रिमोट. सून म्हणाली की त्रास काही नाही, मुलीची शाळा फोनवर असते, तिच्याकडून चुकून लागला असेल. हवालदार म्हणाले, तसंच असणार, आजकालच्या मुलांना फोन देऊच नये.

कागद पुरा करायला घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची सही हवी होती. मला सही येत नाही. महिला शिपायाने आधी माझ्या हातावर सॅनिटायझर ओतले, तसा नियम होता. मग शाई लावली. ओल्या अंगठ्याला शाई धरेना. तीन वेळा उठवला, तिन्ही वेळा नुसता डाग आला. मी विचारले, पोरी, काय लिहिलंस. ती म्हणाली, "काही नाही आजी, आम्ही येऊन गेलो एवढंच."

आयुष्यभर मी दुसऱ्याच्या कापडावर काज केले आहे. बटणाशी ताडून पाहिल्याशिवाय कधी कात्री लावली नाही, कारण एकदा पाडलेले भोक बुजत नाही. पण त्या दिवशी वाटले की पोलीस येऊन गेले हे तर खरेच आहे. मी येऊन गेल्याला अंगठा दिला.

ते जिना उतरून गेले. मुलाने दार लावले, टीव्हीचा आवाज वाढवला आणि विचारले की फोन कोणी केला. नात कपाटाला पाठ लावून उभी होती.

सून म्हणाली, "मी केला."

त्या वेळी मी गप्प बसले. (ही ओळ समासात.)

नंतर सहा ते साडेसहा मी नातीला घेऊन दुसऱ्या खोलीत होते. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. त्यात सांगितले की महिलांच्या मदतीच्या नंबरवर इतके हजार फोन आले आणि त्यातले बहुतेक निकाली काढले. नातीने विचारले, आजी, निकाली म्हणजे काय. मी म्हटले, संपलं म्हणजे.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मुलाच्या फोनवर फोन आला. त्याने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. फोनमधला आवाज म्हणाला की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, समाधान झाले असल्यास एक दाबा, नसल्यास दोन दाबा. मुलाने सुनेकडे बघत एक दाबला. आम्ही आपले आभारी आहोत, असे फोन म्हणाला.

परवा गुरुवारी दुपारी चार वाजता मास्कची गाडी खाली आली. तयार पाकिटांची दोन गाठोडी होती. एक सुनेने उचलले, एक मी. मुलगा म्हणाला, खाली कोणाला चिठ्ठी द्यायला चाललीस. सून गाठोडे घेऊन दाराबाहेर पडली. तो तिच्या मागे गेला. मी दारात होते. दारापासून जिन्याची पहिली पायरी तीन पावलांवर आहे.

मुलगा सर्वांना सांगतो की तिचा पाय घसरला. घसरणारा माणूस आधी कठडा धरतो. तिचे दोन्ही हात गाठोड्याला होते आणि खाली पडेपर्यंत तिने ते सोडले नाही. मुलाने दोन्ही तळहात तिच्या पाठीवर ठेवले आणि ढकलले. मी हे तीन पावलांवरून, उजेडात, चष्मा लावून पाहिले. ते हात दुसऱ्या कोणाचे असतील का असे विचारल्यावरून सांगते की नाही. त्याचे हात त्याच्या बापावर गेले आहेत.

आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत, मग वळण, वळणावर भिंत. सून भिंतीपाशी थांबली. गाठोडे फुटून मास्क आणि चिठ्ठ्या जिनाभर पसरल्या. गाडीचा चालक आवाज ऐकून वर आला. त्याने अंतर वगैरे काही पाळले नाही, तिला उचलून त्याच गाडीतून दवाखान्यात नेले. गाडीच्या दोन्ही बाजूंना तोच नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे असे नातीने सांगितले.

सुनेचे उजवे मनगट मोडले आहे, दोन बरगड्यांना तडा गेला आहे, डोक्याला सहा टाके आहेत. रुग्णासोबत एकाच नातेवाइकाला थांबता येते, तो नवरा थांबला. दवाखान्याच्या कागदावर जिन्यावरून पाय घसरून असे लिहिले आहे. सूनही तसेच सांगते. काल मी तिला अंगणाच्या बाजूच्या खिडकीतून पाहिले. तिने डाव्या हाताने मला जा, जा अशी खूण केली. तो हात नातीसाठी होता, की तिला इथे आणू नका. नात गुरुवारपासून माझ्याजवळ आहे आणि आत्ता बाहेर बाकावर बसली आहे.

उद्या रविवारी सकाळी सुनेला सोडणार आहेत, कारण खाट आजाऱ्यांसाठी हवी आहे. नवरा नेणार आहे. कुठे, ते सांगायला नको.

मी काल दुपारी या ठाण्यात आले होते. साहेबांनी ऐकून घेतले आणि फायलीतून सोमवारचा कागद काढला. म्हणाले, आजी, हा तुमचाच अंगठा ना. यात लिहिलंय की मुलगा-सून गुण्यागोविंदाने राहतात, कोणाचीही कोणाविरुद्ध तक्रार नाही, फोन लहान मुलीकडून चुकून लागला. खाली लिहिलंय की वाचून दाखवला, बरोबर आहे. सोमवारी एक सांगता, शुक्रवारी दुसरं. उद्या कोर्टात वकील आम्हाला विचारेल की म्हातारी खरं कधी बोलते. मी घरी गेले. रात्री जेवले. आज परत आले आहे.

माझे मागणे असे की सुनेला दवाखान्यातून सोडताना तिच्या नवऱ्याच्या ताब्यात देऊ नये. तिच्याजवळ फोन नाही, पास नाही आणि सध्या उजवा हात नाही. ती कुठे राहणार असे विचारल्यावरून सांगते की ज्या शिंप्याकडे मी काज करत होते त्याचे दुकान बंद आहे, पण वर पोटमाळा आहे आणि किल्ली त्याने मला दिली आहे. जागा दोन माणसांची आहे, आम्ही तिघी मावू. तिघींपैकी एक अर्धीच आहे आणि एक वाळलेली.

मुलाचे काय व्हावे असे विचारल्यावरून सांगते की कायद्यात असेल ते. त्याला साधा चहासुद्धा करता येत नाही. हे लिहायचे नव्हते. लिहिले असेल तर राहू द्या.

हा जबाब वाचून दाखवायला मी नातीला बोलवा म्हटले होते. साहेब म्हणाले, ती अज्ञान आहे, अठराच्या आतली, कायद्याने चालत नाही. चालत नाही ते बरे झाले. तिने हे वाचू नये. बाकी ठाण्यात वाचता येणाऱ्या कोणावर माझा विश्वास आहे असे विचारल्यावर मी म्हटले, कोणावरच नाही, पण ही लिहिणारी आहे ना, हिच्यावर माझी एक उधारी आहे, हिनेच वाचावा. मात्र आधी सोमवारचा.

महिला शिपायाने सोमवारचा कागद मला पहिल्यांदाच सगळा वाचून दाखवला. मध्ये एकदा थांबून पाणी प्यायली. शेवटची ओळ तिने हळू वाचली, मी मोठ्याने वाचायला लावली. मग हा जबाब नावापासून वाचला. मी डोळे मिटून शब्दाला शब्द लावत गेले. एका जागी टाका सुटलेला लागला. सून "मी केला" म्हणाली त्याच्या पुढची माझी ओळ कागदावर नव्हती. मी थांबवले. ती म्हणाली, "आजी, ती कशाला? तुमच्याच अंगावर येईल."

मी म्हटले, "सोमवारी तू जास्तीचं लिहिलंस. आज कमी लिहू नकोस."

तिने ती ओळ समासात लिहिली. तिच्याशेजारी माझा अंगठा वेगळा घेतला आहे.

बाकी सगळे मी बोलले तसे आहे, पहिल्या शब्दापासून कानाने तपासून घेतले. सॅनिटायझर नको म्हटले. हात मांडीवर पुसून कोरडा केला आणि शाई लावून अंगठा एकदाच उठवला. रेषा मोजता येतात.